थोरला आणि धाकटा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही! तसूभरही फरक ऐकू आला नाही.

दुकान उघडायच्या आधी ऐकायच्या खोलीत जाऊन बसले. जाड गालिचा, भिंतींना कापड, मधोमध एकच खुर्ची. तिला सगळे राजाची खुर्ची म्हणतात, तिच्यात फक्त गिऱ्हाईक बसतं. मी चोरासारखी बसले. समोर दोन ॲम्प्लिफायर. धाकटा म्हणजे कुणाही बऱ्या नोकरदाराच्या घरी असतो तसा. आणि थोरला — त्याच्या किमतीत आमचं घर आणि खालचं बाबांचं दुकान दोन्ही येईल, वर सुटे परत मिळतील! एक बटण दाबलं की आवाज धाकट्यातून येतो, दुसरं दाबलं की थोरल्यातून. स्पीकर तेच, गाणं तेच. डोळे मिटून बटणं दाबत राहिले. धाकटा, थोरला, धाकटा, थोरला. मला एकच बाई एकच गाणं गाताना ऐकू येत होती.

मालक म्हणतात, "पडदा सरकल्यासारखं वाटतं." रेडिओ — म्हणजे आमचा जुना विक्रेता, तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव — तो म्हणतो, "थोरला लावला की गाणारणीचा श्वास मानेवर येतो." माझ्या मानेवर काहीच येत नाही. नुसता घाम.

फरक असेल आणि मला कळत नसेल, तर मी या नोकरीच्या लायकीची नाही. फरक नसेलच, तर मी दिवसभर लोकांना फसवते. इकडे आड, तिकडे विहीर! इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, आता जे मोजता येतं तेच बोलायचं. आईने ती पदवी चौकट करून दारासमोरच्या भिंतीवर लावली आहे. येणारा-जाणारा आधी ती बघतो, मग चपला काढतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवस वाईट गेला. नक्की काय वाईट ते सांगता येत नाही.

सकाळी मालकांनी ॲम्प्लिफायरच्या रॅकमागची धूळ काढायला सांगितली. सगळ्या वायरी सोडवल्या, पुसलं, परत जोडल्या. घाईच झाली, कारण अकराला एक दातांचे डॉक्टर त्यांच्या आईला घेऊन येणार होते. आई गाणं शिकवतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मुलगासुद्धा कधीकधी. रेडिओने तेवढ्यात झापलं — "मागच्या खोलीतली इन्व्हर्टरची बॅटरी कधीची टीं टीं करतेय, ऐकू येत नाही का गं पदवीधर?" लक्षच नव्हतं माझं. घाबरले की मला काही ऐकूच येत नाही.

मालकांचे नियम पाळले. थोरला सकाळपासून चालू ठेवून तापवायचा. गिऱ्हाईक आत यायच्या आधी गाणं सुरू करायचं. ("शांतता कधी ऐकवायची नाही. शांतता आपण विकत नाही.") आधी धाकटा, मग थोरला. बटण दाबताना जरा श्वास रोखायचा, म्हणजे समोरचाही रोखतो. हे शेवटचं माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागतं.

डॉक्टर राजाच्या खुर्चीत बसले. मी बटण दाबलं आणि ते उडालेच. "अरे बापरे! केवढा फरक! तळ किती खोल गेला!" रेडिओ लगेच, "गिऱ्हाइकाला कान आहेत हो मालक!" डॉक्टर खूश झाले.

मग बाई बसल्या. बारीक अंगकाठी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. मी पुन्हा पुन्हा बटणं दाबली. शेवटी म्हणाल्या, "दोन्ही एकच आहे."

"नीट ऐक ना आई."

"नीटच ऐकतेय. एकच आहे."

डॉक्टरांनी मालकांकडे बघून हळूच स्वतःच्या कानाला हात लावला. मालकांनी मान हलवली, फार समजूतदारपणे. रेडिओ म्हणाला, "वय होतं हो आजी, आमचंही होणारच आहे." बाईंनी ते ऐकलं. चेहरा असा झाला — भर लग्नात आपलाच नातेवाईक आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर होईल तसा.

मी म्हणायला हवं होतं, मलाही एकच वाटतं. म्हटलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांचे कान म्हातारे झाले, हे समजण्यासारखं आहे. माझं काय?

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर थोरला पक्का करायला आले होते. आतला नाही, नवा, पेटीबंद. मालकांनी त्यांना बसवलं, मी पाणी नेलं.

"बाई कशा आहेत?" मालकांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "घरी गेल्यापासून गप्प आहे. शिकवण्या बंद केल्या तिने."

"बंद?"

"स्वतःच. दारात येणाऱ्या मुलींना परत पाठवलं. म्हणाली, जिला समोरचा फरक ऐकू येत नाही, तिने दुसऱ्यांचे सूर काय दुरुस्त करायचे? मीही म्हटलं, बरं झालं, किती वर्षं ओरडणार. आता आराम करू दे. नवं यंत्र येतंय, ऐकत बसेल."

माझ्या हातातला ट्रे वाजायला लागला. मालक म्हणाले, "ठेव तो खाली, फोडशील." मी ठेवला. डॉक्टर माणूस वाईट नाही. आईसाठीच घेतोय. म्हणून तर जास्त भीती वाटते — कुणावर रागावताही येत नाही!

१० फेब्रुवारी, सोमवार

अक्षर माझं मलाच लागत नाही.

थोरल्याला वायर नव्हती!

आज दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी रॅक पुढे ओढला आणि मागे बघितलं. धाकट्याला पाठीमागे स्पीकरच्या वायरी लावायच्या दोन जोड्या असतात, दोन खोल्यांत आवाज न्यायचा असेल तर. बटणांच्या डबीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी मी धाकट्यालाच लावल्या होत्या. दोन्ही! थोरला नुसता दिवा लावून, तापून, मुका बसला होता. गुरुवारपासून. हे बटण दाबा की ते दाबा, वाजत होता धाकटाच.

म्हणजे बाई बरोबर होत्या. खोलीत सगळ्यांत बरोबर त्याच होत्या. "दोन्ही एकच आहे." एकच होतं! डॉक्टरांना ज्याचा तळ खोल वाटला, मालकांनी ज्याला मान डोलावली, रेडिओच्या मानेवर ज्याचा श्वास आला, तो सगळा धाकटा. आणि ज्या एकटीने खरं सांगितलं तिला आम्ही बहिरी ठरवून घरी पाठवलं.

रेडिओला ओढत नेऊन दाखवलं. त्याने वाकून बघितलं, सरळ झाला, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"मी काही बघितलं नाही."

"अहो पण—"

"हळू बोल! तुझा आवाज मुळात लाऊडस्पीकर. हे बघ पदवीधर, वायर नीट लाव आणि विसर. मालकांना कळलं तर तू घरी. डॉक्टरांना कळलं तर मालकांची अब्रू चव्हाट्यावर. झाकली मूठ."

"आणि बाई?"

"त्यांना काय, आज ना उद्या कान जाणारच होते."

वायर नीट लावली. लावताना तीनदा तपासली. आता बरोबर आहे. आता बरोबर असून काय उपयोग!

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरी सांगितलं. आमच्या घरात सांगणं म्हणजे ओरडणं. खाली बाबा पत्र्याच्या पेट्या ठोकतात, त्यामुळे वर माळ्यावर कुणी कधी कुजबुजलेलंच नाही. आईने तर बाबांना लग्नाचा होकारही ओरडून दिला असेल!

बाबांपाशी खाली जाऊन बसले. हातोडा थांबेना.

"बाबा, माझ्याकडून चूक झालीय!"

"कूक?"

"चूक! चूक!"

हातोडा थांबला. सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, बाबांना हल्ली पहिल्यांदा पोचतच नाही. शेवटी म्हणाले, "खिळा वाकडा गेला तर काढावा लागतो. पत्रा थोडा फाटतो. पण वाकड्यावर रंग मारून पेटी दिली की ती पेटी कुणाचं तरी बोट कापते."

"नोकरी जाईल बाबा."

"काय?"

"नोकरी!"

बाबा पत्रा उलटा करून बघत राहिले. घरात पहिली शिकलेली मी. बाबांनी माझ्यासाठी कुणाकुणापुढे मान झुकवली ते मला माहीत आहे. तेही घाबरलेत. त्यांनी ते लपवलं, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मालकांना सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, "चहा सांगू का?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांना सांगायची हिंमत नाही तर निदान बाईंना तरी सांगावं, म्हणून दुपारच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले. पत्ता बिलावर होता. जिना चढताना पाय परत फिरत होते. काय म्हणणार होते मी? "तुमचे कान चांगले आहेत, आमचं दुकान बहिरं आहे"?

दार बाईंनीच उघडलं. बैठकीत भिंतीकडेला बसायच्या चटया गुंडाळून उभ्या केलेल्या. शिकवणीच्या. त्या चटया बघून मला रडूच आलं. बोलायच्या आधीच!

"अगं, तू ती बटणंवाली ना? काय झालं? बस आधी."

वायरींचं सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर हसल्या, पण ते हसू मला नको होतं.

"माझ्या मुलाने पाठवलं तुला."

"नाही हो!"

"तो तसाच आहे. लहानपणी माझ्या हातून काच फुटली तरी सांगायचा मी फोडली. आता माझं समाधान करायला तुला पाठवलंय. गुणी आहे. तूही गुणी आहेस. पण मला खोटा धीर नको गं."

"बाई, शप्पथ घेऊ का?"

"शप्पथ काय, पोटासाठी माणूस घेतो. तुझं पोट त्या दुकानावर आहे." मग आवाज बदलून म्हणाल्या, "तुला माहीत आहे, त्या दिवसापासून मी गाऊनही बघितलं नाही. भीती वाटते. सूर लावला आणि तो लागलाय की नाही हे मलाच कळलं नाही तर?"

मी घाबरते ती नोकरीसाठी. या घाबरतात त्या स्वतःच्या गळ्याला. माझी भीती एकदम फुटकळ वाटली. पण गेली नाही हं. फुटकळ असूनही तिथेच आहे.

निघताना मी म्हटलं, "परत एकदा दुकानात या. वायर तुम्ही स्वतः बघा. मग ऐका."

"तुझे मालक येऊ देतील?"

मी चपला घातल्या आणि जिना उतरले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

मालक पेन हातात धरून ऐकत होते. ते पेन त्यांनी एवढं हळू टेबलावर ठेवलं की मला पळून जावंसं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला घरची सवय आहे.

"गुरुवारपासून सोमवारपर्यंत किती जण त्या खुर्चीत बसले?"

"बरेच."

"आणि सगळ्यांना फरक ऐकू आला."

"हो. बाई सोडून."

"मलाही आला." हे ते माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीशी बोलले. मग एकदम, "घरी पदवी भिंतीवर लावलीयेस म्हणे. ती काढ आणि वायरींना लाव! तिथे जास्त गरज आहे."

मान खाली घालून उभी राहिले. कान तापले होते. वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस.

"उद्या दोघांना बोलाव," म्हणाले. "बाईंच्या समोर वायर लावायची. बटणं पडद्याआड. आणि मोजायचा माईक काढ, सगळं मोजूनच होऊ दे. उद्या जर त्या थोरला ओळखू शकल्या नाहीत, तर मी पंचवीस वर्षं काय विकतोय ते मलाच बघायला हवं. त्यानंतर तुझं बघू."

तुझं बघू! हे दोन शब्द घेऊन घरी आले. आईने जेवायला वाढलं तेव्हा तिला दिसू नये म्हणून भराभर जेवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं! लिहू कुठून?

डॉक्टर तोंड लाल करून आले. फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. "म्हणजे मी ज्याचं एवढं कौतुक केलं ते—" "धाकटा होता," रेडिओ म्हणाला, आणि मालकांनी डोळे वटारल्यावर पहिल्यांदा गप्प बसला.

बाईंनी चष्मा लावला, रॅकमागे वाकल्या, प्रत्येक वायर बोटाने धरून शेवटपर्यंत बघितली. मग खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. हात मांडीवर, पण या वेळी मुठी आवळलेल्या. मी पडद्याआड गेले. माझ्या छातीची धडधड माईकमध्ये जाईल असं वाटत होतं.

गाणं सुरू. एक बटण. मग दुसरं. बाई लगेच म्हणाल्या, "आज वेगळे आहेत!"

डॉक्टरांनी श्वास सोडलेला मला पडद्याआडही कळला.

"आत्ताच्यात शिट्टी आहे," बाई म्हणाल्या.

"शिट्टी?" मालक.

"गाण्याच्या मागे. बारीक. ताणलेल्या तारेसारखी, हलत नाही, सारखी तिथेच. आधीच्यात नव्हती. पुन्हा लाव गं... हां, आता नाही. आता आली. आता गेली."

मी कशीही बटणं दाबली, एकाच बाजूला दोनदा ठेवलं, फसवून बघितलं. एकदाही चुकल्या नाहीत. आणि शिट्टी होती थोरल्यात! घराच्या किमतीच्या थोरल्यात!

मालक म्हणाले, "शक्य नाही. गाणं बंद कर." मी गाणं बंद केलं, थोरला चालू ठेवला. शांतता. जी आम्ही कधीच कुणाला ऐकवत नाही ती. मालक गुडघे टेकून स्पीकरला कान लावून बसले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "आहे," म्हणाले. डॉक्टर वाकले — "आहे हो!" रेडिओ म्हणाला, "च्यायला, डास गुणगुणतोय की!" माईकने कॉम्प्युटरवर आलेख काढला, तर त्यात खिळ्यासारखी एक उभी रेघ. आतला कुठला तरी भाग खराब झालाय. कधीपासून कोण जाणे! महिनोन्महिने लोक ती शिट्टी पडदा सरकला म्हणून ऐकत होते.

बाईंच्या मुठी सुटल्या. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता एक सूर लावला, तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या. डोळे मिटून धरून ठेवला. खोली भरून गेली. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, चुकलो मी."

"कान कुणाचे तपासायचे ते आता ठरव," बाई म्हणाल्या. "आणि मला धाकटा चालेल. तो निदान गप्प तरी बसतो."

मालक मला म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये." बस, एवढंच. नोकरी आहे!

घरी सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, मग हातोड्याने पेटीवर असा ठेका धरला की आई वरून ओरडली, "अहो, शेजारी येतील!"

१६ फेब्रुवारी, रविवार

झोप लागली नाही नीट. खूश असायला हवं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी एक गोष्ट लिहिली नाही. मालकांनी मलाही बोलावलं होतं. "ऐक, ऐकून ठेव." मी स्पीकरपाशी वाकले आणि म्हटलं, "हो, येतेय." सगळे म्हणत होते म्हणून म्हटलं.

आज सर्वांच्या आधी गेले. थोरला लावला, गाणं न लावता. कॉम्प्युटरवर ती उभी रेघ आली. कान स्पीकरच्या जाळीला लावला. डावा. मग उजवा. पदवीचा सगळा अभ्यास मी बाबांच्या डोक्यावरच्या माळ्यावर केला, खाली दिवसभर हातोडा. अभिमानाने सांगायचे, मला आवाजाचा त्रासच होत नाही!

दार उघडलं. रेडिओ. एका कानात बोट घातलेलं. "अगं बंद कर ती शिट्टी, एकदा कळली ना, आता दारापर्यंत टोचतेय!"

मी बंद केलं. खोली आधी होती तेवढीच शांत राहिली.